वाटणीला आलेली वासरं

२ नोव्हेंबर

धाकट्या,

तू गाई घेऊन गेलास, त्याला आठवडा झाला. फोन केला की "दादा, धारेला बसलोय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. दिवसभर धारा देणाऱ्या गाई आपल्याकडे होत्या हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पत्र लिहितोय. पत्राला तुला धारेला बसलोय म्हणता येणार नाही.

वाटणीबद्दल माझं काही म्हणणं नाही. आईसमोर झाली, दोघांनी मान डोलावली, विषय मिटला. दुभत्या गाई आणि शहराला लागून घेतलेला नवा गोठा तुझा. जुना गोठा, गवताचा पट्टा, म्हातारी गाय आणि झाडून सगळी वासरं माझी. "वासरं दूध पितात दादा, देत नाहीत," असं तू म्हणालास तेव्हा आपल्याला पेंड विकणारा खाद्यवाला गालात हसला, ते मी पाहिलं. घरच्या गोष्टीत त्या माणसाला बोलवायचं कारण नव्हतं. पण ते असो.

खबर अशी की इकडे सगळं झकास चाललंय. आई बरी आहे. तुझी वहिनी बरी आहे. म्हातारी गाय अजून दोन्ही वेळा दूध देते आणि ते सगळं वासरांना जातं. आम्ही चहापुरतं दूध शेजारून आणतो. हे बाहेर कुठे बोलू नकोस.

वासरंही मजेत आहेत. फक्त सगळ्यांत लहान, जिच्या पुढच्या एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखं दिसतं, ती थोडी मलूल आहे. पोट जरा बिघडलंय. मी तिचं दूध बंद केलंय, म्हणजे आपोआप आवरेल. वहिनीचं मत वेगळं आहे. पण वहिनीचं मत कधी वेगळं नसतं?

दादा


१० नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. तू वाचत असशील असं धरून चालतो.

"थोडी मलूल" असं लिहिलं होतं ना, तेव्हाच मोजेवाली उठून उभी राहत नव्हती. तुला लिहायला जड गेलं. तू म्हणाला असतास, बघ, मी काय सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला न विचारता डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी वासराच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच तंबूसारखी उभी राहिली. डोळे खोल गेले होते.

"हिच्या अंगातलं पाणी संपलंय. दूध कधीपासून बंद आहे?"

"हगवण लागली तेव्हापासून," मी म्हणालो. "पोटाला आराम."

"घरात लहान मूल आजारी पडलं तर त्याला उपाशी ठेवता का?"

वहिनी बोलली. ती बाईंना म्हणाली, "यांना विचारत बसू नका. मला सांगा काय करायचं."

मग बाईंनी सांगितलं. क्षारांची पुडी कोमट पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजायची. दूध तोडायचं नाही, पण एकदम भरमसाट द्यायचं नाही. क्षाराचं पाणी आणि दूध यांत अंतर ठेवायचं. मोजेवालीला बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवायचं. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "दूध कसं पाजता?"

मी म्हणालो, "कसं म्हणजे? बादलीतून."

वहिनी आत गेली आणि ती बादली घेऊन आली. आतल्या कडेला बोट फिरवलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. बोटाला पिवळट साय होती, आंबूस. मग शिल्लक दुधात बोट बुडवलं. "हे गार आहे. तुम्ही गार चहा पिता? मागच्या वेळी बशी नुसती थंड लागली म्हणून अख्ख्या घराला ऐकवलं होतं."

धाकट्या, आपण दोघांनी इतकी वर्षं गोठा केला, पण वासरांना दूध कसं जातं हे कुणी कधी पाहिलंच नाही. धारा काढून झाल्या, उरलं ते बादलीत ओतलं, कधी लवकर, कधी उशिरा, कधी जास्त, कधी कमी. गाईचं दूध थेट तिच्या कासेतून जातं तेव्हा ते ऊन असतं, वासरू मान वर करून चोखतं आणि थोडं थोडं पितं. आपण गार दूध एकदम पुढ्यात ठेवायचो आणि वर वासरांचं नशीब खोटं म्हणायचो.

तर आता गोठा वहिनीच्या ताब्यात आहे. मी हाताखाली आहे.

आणि मोजेवाली? पहिला दिवस तिने नुसतं पाहत काढला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीने पाणी पाजत होतो. अर्धं पोटात, अर्धं माझ्या शर्टवर. दुसऱ्या दिवशी कान हलवायला लागली. काल मी वाकून पेंढा सारखा करत होतो तर मागून अशी ढुशी बसली की मी थेट गव्हाणीत. वळून पाहिलं तर ही चारही पायांवर उभी, बाटली कुठाय म्हणून विचारत.

आई दारातून बघत होती. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

दादा


२२ डिसेंबर

धाकट्या,

टेम्पोवाला लांब्या भेटला. तो म्हणाला, तू त्याला विचारलंस, "दादाची वासरं आहेत का जिवंत?"

आहेत. सगळी. असं त्याला सांगायला सांगितलं होतं, पण तो वाटेत विसरला असेल म्हणून लिहून पाठवतो. सगळी.

ती सुद्धा कशी, ते ऐक. वहिनीने दुधाला निपलच्या बादल्या आणल्या. प्रत्येकाची वेगळी, दर वेळी गरम पाण्याने धुतलेली. दूध मनगटावर टाकून बघायचं, लहान मुलाचं बघतात तसं. वेळ म्हणजे वेळ. मी एकदा कट्ट्यावर गप्पा मारत बसलो आणि उशीर झाला, तर सगळी वासरं एका सुरात ओरडत होती आणि वहिनी त्यांच्यापुढे हाताची घडी घालून उभी होती. कुणाची जास्त भीती वाटली, सांगता येत नाही.

पेंढ्याचंही तसंच. मी म्हणायचो, कोरडा आहे. ती म्हणाली, "गुडघे टेका." टेकले. उठलो तर पँट ओली. "तुम्ही एवढ्या वेळात भिजलात, ती चोवीस तास त्यात झोपतात." आता मी रोज सकाळी वासरांपुढे गुडघे टेकतो. शेजारचे म्हणतात, म्हातारपणी भक्तीला लागला.

भरडा सुरू केलाय. धान्य, पेंड आणि क्षार, जाडसर दळलेलं. बाई म्हणाल्या, नुसतं दूध आणि गवत देत राहिलात तर पोट मडक्यासारखं सुटेल आणि अंग धरणार नाही. धान्य पोटात गेलं की रवंथ करायची पिशवी आतून तयार होते. सुरुवातीला एकही तोंड लावेना. मग दूध पिऊन झालं की लगेच ओल्या ओठांना चिमूटभर भरडा चोळायचा, हे वहिनीने काढलं. जीभ बाहेर येते, चाटते, आणि काय लागलं म्हणून परत येते. आता पाटीत तोंड घालून असा आवाज करतात की ऐकून मलाच भूक लागते. शेजारी स्वच्छ पाणी कायम. "दूध आहे की, पाणी कशाला" असं मी म्हणून पाहिलं. एकदाच.

पोटं आत गेली आहेत. केस चकाकायला लागलेत. वहिनी शिवणाच्या टेपने छातीचा घेर घेते आणि खडूने दारावर लिहिते. दर वेळी आकडा वाढलेला असतो आणि दर वेळी ती मला हाक मारून दाखवते. तिचा चेहरा लग्नात सुद्धा एवढा खुलला नव्हता. हे मी तुला लिहितोय, तिला बोललेलो नाही.

लांब्याने आणखी एक सांगितलं. तुझ्याकडे जन्मलेली वासरं दगावली म्हणे, एकामागून एक. मी त्याला म्हणालो, तू ऐकण्यात चूक केली असशील. त्याने मान खाली घातली.

मी तुला बोल लावत नाही. तिकडे माणसं कमी, गाई जास्त, दूध भल्या पहाटे जायचं असतं. पण एक विचारतो. वासरू जन्मलं की पहिला चीक कधी पाजतोस? धारा उरकून झाल्यावर? दुपारी? धाकट्या, बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय, वासरू येतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्या अंगात काहीच नसतं. सगळं त्या चिकात असतं. ते जितकं लवकर पोटात जाईल तितकं अंगी लागतं. पहिल्या तास-दोन तासांत. दिवस उलटला की ती वाट बंद होते, मग घागरभर पाजलास तरी उपयोग नाही. बाकी कामं थांबू दे. नाळेला आयोडीन लाव आणि चीक पाज.

वहिनीने शेजारच्या गाईचा जास्तीचा चीक मागून आणून बाटल्यांत भरलाय आणि बर्फाच्या कप्प्यात रचून ठेवलाय. आपल्याकडे सध्या कुणी विणार नाही. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाली, "असू द्यावा घरात."

दादा


३१ जानेवारी

धाकट्या,

परवा सकाळी लांब्याचा टेम्पो फाटकापाशी उभा राहिला. मागे पोत्यावर एक वासरू, अजून अंग ओलं.

"मालकांची गाय विऊन बसलीय, उठेना. कास गार पडलीय. डॉक्टर सलाईन लावतायत," लांब्या म्हणाला. "मालक म्हणाले, हे दादाकडे टाकून ये."

"टाकून ये म्हणाला की नेऊन दे?"

लांब्याने डोकं खाजवलं. "नेऊन दे म्हणाले असतील."

तेवढ्यावर मी तुला निम्मं माफ केलं. वासराची कातडी हाताला गार लागली तेव्हा तेही परत घेतलं.

वहिनीने मला एक शब्द बोलू दिला नाही. "आधी पुसा." मी गोणपाटाने पुसतोय, आई तिची जुनी शाल घेऊन आली, आणि वहिनीने बर्फातल्या बाटल्या काढून कोमट पाण्यात ठेवल्या. मी म्हणालो, चुलीवर ठेव, लवकर होईल. "उकळला तर त्यातलं सत्त्व मरतं. मग नुसता दही-पाण्याचा गोळा राहील." मी दोनदा चुलीपाशी जाऊन आलो आणि ती मात्र बाटली फिरवत उभी. इतका सावकाश वितळणारा पदार्थ मी जन्मात पाहिला नाही.

चीक तयार झाला, पण वासरू चोखेना. निपल तोंडात दिलं की जीभ नुसती पडून. मी वहिनीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. डॉक्टरीणबाई तुझ्याच गाईपाशी असणार, बोलवायचं कुणाला? तेव्हा आई खाली बसली. तिने आपलं बोट चिकात बुडवलं आणि वासराच्या टाळूला लावलं. नुसतं लावून ठेवलं. "हं," ती म्हणाली, "हं, बाळा." आपण आजारी पडलो की जो आवाज काढायची तोच. बराच वेळ काही नाही. मग तिने मान न वळवता सांगितलं, "धरलं."

बोट सोडवून निपल कधी दिलं ते वासराला कळलंही नाही. बाटली रिकामी झाली. थोड्या वेळाने दुसरी. तिसरीला स्वतःहून मान वर केली. आणि दिवस मावळायच्या आत, धाकट्या, तुझं वासरू उठलं. आधी मागचे पाय, मग पुढचे, मग पडलं, मग परत. लांब्या एवढा वेळ टेम्पोला टेकून उभा होता, त्याला तीन ठिकाणी जायचं होतं. तो टाळ्या वाजवत होता.

त्या संध्याकाळी तुझ्या बायकोचा, धाकटीचा, फोन वहिनीला आला. गाय उठली हे तिने सांगितलं. बरं वाटलं. मी शेजारीच होतो, आणि मागून तुझा आवाज ऐकू आला, "चोखतंय का विचार."

चोखतंय. फोन हातात घेऊन विचारलं असतंस तरी मी तेच सांगितलं असतं.

दादा


१४ जून

धाकट्या,

तुझं पहिलं वासरू आल्यानंतर आजवर लांब्याच्या किती खेपा झाल्या, मी लिहून ठेवलं नाही. तू चिठ्ठी पाठवत नाहीस, पण आता प्रत्येक वासरू येतं ते चीक पिऊन, पुसून, नाळेला औषध लावून येतं. पोत्याच्या जागी जाड पेंढा असतो. मला जे समजायचं ते समजतं.

त्यातलं एक गेलं. नावाजलेल्या गोठ्यातही जातात असं बाई म्हणाल्या. वहिनीने त्याची बादली धुऊन उपडी ठेवली, ती दोन दिवस कुणाला हलवू दिली नाही. बाकीची आहेत, आणि तुझं ते पहिलं तर दांडगट झालंय.

आमच्या मूळच्या वासरांच्या कंपनीचं दूध केव्हाच सुटलं. मला वाटलं होतं, एक दिवस बादली बंद करायची की झालं. वहिनीने हळूहळू कमी केलं. भरडा पोटभर खातंय, रवंथ करतंय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाचंही तोडलं नाही. तरी दोन दिवस गोठ्यात नुसता गोंगाट. मोजेवालीचा आवाज सगळ्यांत मोठा. आता तिच्या पाठीवर हात ठेवायला मला खांदा उचलावा लागतो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आसपासच्या गोठेवाल्यांना घेऊन आपल्याकडे येणार आहेत. वासरं कशी वाढवतात ते बघायला. ते ऐकल्यापासून मी गोठ्याला चुना देतोय. वहिनी म्हणते, "मी बोलणार नाही, तुम्ही बोला." मी म्हणतो, मी गुडघे टेकण्यापलीकडे केलंय काय?

तुला बोलावतोय असं नाही. कळवतोय.

दादा


२२ जून

धाकट्या,

काल तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मागच्या रांगेत, लोकांच्या आड उभा होतास, टोपी डोळ्यांवर ओढून. मी बादल्या उचलत होतो, माझं लक्ष गेलं नाही. पण वहिनीने तुला फाटकातून शिरतानाच पाहिलं होतं. ती मला मागाहून म्हणाली, "चाल ओळखली. दोघांची सारखीच आहे."

तू मागे होतास म्हणून काही गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या असतील. तेवढ्यासाठी हे पत्र.

बोलायला शेवटी वहिनीच उभी राहिली. पदराच्या टोकाला गाठी मारत होती. पहिली दोन वाक्यं तिची तिलाच ऐकू आली असतील. मग कुणीतरी मोजेवालीकडे बोट दाखवून विचारलं, "ही दीड वर्षाची असेल ना?" वहिनी म्हणाली, "नाही हो. अजून वर्षाची व्हायचीय." सगळे पुढे सरकले. बाईंनी सगळ्यांदेखत टेप लावला आणि आकडा मोठ्याने वाचला. त्यानंतर वहिनीचा आवाज जो लागला तो अगदी तुझ्यापर्यंत पोचला असणार. चीक, कोमट दूध, स्वच्छ बादली, भरडा, पाणी, कोरडी जागा. कागद नाही, अडखळणं नाही. पुढच्या बाजूला खाद्यवाला होता. त्याने हात वर करून "वहिनी, एक शंका होती" असं म्हटलं, तेव्हा मला बादली खाली ठेवावी लागली. सुख एकदम आलं की हातातलं सांडतं.

आणि मग मागून प्रश्न आला, "दूध कुठल्या वयाला तोडायचं?"

मी वळलो. तो आवाज मला झोपेतही कळला असता.

"वय विचारू नका," वहिनी म्हणाली. "भरडा किती खातंय ते बघा. आणि भाऊजी, मागे उभं राहून नीट दिसत नाही. पुढे या."

लोकांनी वाट करून दिली. तू पुढे आलास. वासरांच्या रांगेसमोर उभा राहिलास आणि एकेकीकडे पाहत गेलास. मग सगळ्यांसमोर म्हणालास, "ही मी नको म्हणून टाकून गेलो होतो." ते तुला म्हणायची गरज नव्हती. तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. खाद्यवाला सोडला तर.

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. आईने मला कोपराने ढोसलंही. पण मी तुझ्या हातात बादली दिली. तू ती घेतलीस, सगळ्यांत लहान वासराला पाजलंस, आधी मनगटावर दोन थेंब टाकून पाहिलेस. हे तुला कुणी शिकवलं ते मी विचारणार नाही. मग जेवायला न थांबता गेलास. धारेची वेळ झाली होती. यावेळी खरंच झाली होती.

तर आता सरळच लिहितो. तुझ्याकडे दूध चांगलं निघतं, ते तुझं काम. वासरं आमच्याकडे वाढतात, ते तुझ्या वहिनीचं काम. तुझी जन्मतील ती इकडे येऊ देत. कालवडी मोठ्या होऊन गाभण राहिल्या की निम्म्या तुझ्या गोठ्यात येतील, निम्म्या इथे राहतील. कोणत्या कुणाच्या, ते वहिनी ठरवेल. तिच्याशी घासाघीस करायची असेल तर तू कर, मी मध्ये पडणार नाही. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग वाटणी कशाची केली होती?"

लिहायचं तेवढं लिहून झालं. बाहेर गवंडी आलेत, त्यांच्याकडे बघायचंय. आपल्या फाटकातून टेम्पो आत वळत नाही, लांब्याला दर वेळी वासरू रस्त्यावरून उचलून आणावं लागतं. म्हणून एका बाजूचा खांब काढून फाटक रुंद करून घेतोय. आता मोठी गाडीसुद्धा थेट अंगणापर्यंत येईल. धाकटीला घेऊन ये, आणि जेवायच्या वेळेला ये.

दादा